एका नावाचा सातबारा

आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना अजून कोरा आहे. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा तिच्या मनगटावर एक प्लॅस्टिकचा पट्टा होता. त्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझ्या बायकोचं नाव. सध्या तरी तिची ओळख एवढीच. जन्मनोंदणीच्या कायद्यात सोय चांगली आहे: नाव न घालता नोंद करता येते, पहिल्या बारा महिन्यांत नाव फुकट घालून मिळतं, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणजे कायद्याने वेळ भरपूर दिलाय, घरच्यांनी नाही. बाराव्या दिवशी व्हायचं बारसं पाचव्या आठवड्यावर गेलं, आणि माझी बहीण रोज फोन करून विचारते, "अरे, मी आत्या आहे, कानात काय सांगू मी तिच्या? टीबीडी?"

घोळ माझ्यामुळेच झाला. मी 'अहिल्या' सुचवलं.

कारण साधं होतं. माझ्या आजीचं माहेरचं नाव अहिल्या. तिचं माहेर जामखेड तालुक्यात, चौंडीपासून फार लांब नाही. त्या भागात हे नाव घरोघरी सापडतं आणि ते का, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, अहिल्या म्हणजे ती शिळा झालेली ना? शापाचं नाव पोरीला कशाला?"

मी "अहो आई, अहिल्याबाई होळकर..." असं काहीतरी पुटपुटलो. त्यावर त्या म्हणाल्या, "त्या मोठ्याच होत्या. पण त्यांचं तरी नाव कुणावरून ठेवलं?"

ह्याला उत्तर नव्हतं. आणि प्रश्नाला उत्तर नसलं की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पन्नास टॅब उघडून बसायची खोड. रात्री दोनच्या दुधानंतर झोप उडालेली असतेच. तर हा वीकेंड त्यात गेला. जे सापडलं ते लिहून ठेवतोय.

सुरुवात भलतीकडेच झाली, थेट आइसलँडमध्ये. तिथे मुलांची नावं सरकारमान्य यादीतून ठेवतात. यादीबाहेरचं नाव हवं असेल तर १९९१ पासून त्यासाठी एक समितीच आहे. एका आईने मुलीचं नाव 'ब्लाइर' ठेवलं. अर्थ: वाऱ्याची हलकी झुळूक. नाव गोड आहे, पण त्यांच्या व्याकरणात हा शब्द पुल्लिंगी, म्हणून मुलीला तो मिळेना. मग सरकारी कागदांवर तिचं नाव काय? 'स्तूलका'. म्हणजे नुसतं 'मुलगी'. नोबेल मिळालेल्या हाल्डोर लाक्सनेसने १९५७ च्या कादंबरीत हे नाव एका बाईला दिलं होतं, पण समितीला ते पुरलं नाही. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये रेक्याविकच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. म्हणजे पंधरा वर्षं एक 'बेबी ऑफ'!

हसू येतं, पण फार हसू नये. आपल्याकडे साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने एक कार्यक्रम केला. २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावं मिळाली. त्यांची आधीची नावं होती नकुसा, नकोशी. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ठेवलेली. आइसलँडच्या पोरीचं नाव अडलं व्याकरणाने, ह्यांच्या नावात मात्र आईबापांनी अर्थ अगदी चोख भरला होता. ह्यांची नावं शाळेच्या हजेरीत रोज मोठ्याने वाचली जायची.

तेव्हा 'नावात काय आहे' वगैरे म्हणायला ठीक. सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. नावाचा अर्थ काय, तो आला कुठून, हे बघायलाच हवं.

अ अधिक हल्या

नावांच्या साइट्सवर अर्थ 'सुंदर' असा एका शब्दात उरकलेला असतो. मूळ शब्द संस्कृतात 'अहल्या' आहे, ह ला वेलांटी नाही. फोड: अ + हल्या. 'हल' म्हणजे नांगर. बलरामाला हलधर म्हणतात तो हाच. त्यावरून 'हल्य' म्हणजे नांगरलेलं, नांगराखाली आलेलं. तर अहल्या म्हणजे न नांगरलेली. जिच्यावरून फाळ फिरला नाही अशी.

दुसरी फोड रामायणातच आहे, उत्तरकांडात. तिथे ब्रह्मदेव सांगतो की 'हल' म्हणजे कुरूपपणा, त्यातून येतं ते 'हल्य', आणि जिच्यात ते अजिबात नाही ती अहल्या. साइट्सवरचं 'सुंदर' आलं ते इथून. पण ही फोड कथेला सोयीची म्हणून नंतर बसवलेली वाटते. आधी नाव होतं, मग कुणीतरी त्याला डॉक्युमेंटेशन लिहिलं. आमच्या कोडमध्येही असंच चालतं :)

तिसरी फोड मीमांसक कुमारिल भट्टांची. शतपथ ब्राह्मणात यज्ञाच्या वेळी इंद्राला हाक मारताना त्याला 'अहल्येचा जार' म्हटलं आहे. म्हणजे ही गोष्ट रामायणाच्याही आधीपासून लोकांच्या तोंडी होती. आता देवांच्या राजाला असं म्हणणं अडचणीचंच. कुमारिलांनी वाट काढली: 'अहन्' म्हणजे दिवस, दिवसात जी विरून जाते ती अहल्या, म्हणजे रात्र. इंद्र म्हणजे सूर्य. सूर्य उगवला की रात्र संपते, झालं! व्यभिचार वगैरे काही नाही, सगळं खगोलशास्त्र.

एका नावाचे तीन अर्थ आणि तिन्हींच्या मागे सांगणाऱ्याची काही ना काही गरज. मला त्यातला पहिलाच अर्थ पटला, कारण तो सगळ्यात साधा आहे आणि त्याला जोडीदार आहे. 'सीता' म्हणजे नांगराच्या फाळाने जमिनीत पडणारी रेघ, आपल्याकडे शेतकरी ज्याला तास म्हणतात ती. एकाच रामकथेत एक बाई नांगराची रेघ आणि दुसरी न नांगरलेली जमीन. रवींद्रनाथ टागोरांनीही अहल्येची गोष्ट अशीच वाचली: दगडासारखी पडून राहिलेली जमीन, जी रामाच्या येण्याने लागवडीखाली आली.

पण ही जमीन मी नगर जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांनी बघितली आणि मला वेगळंच दिसलं. जामखेड, कर्जत हा सगळा पर्जन्यछायेतला भाग. तिथे न नांगरलेली जमीन म्हणजे माळ. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याची नोंद होते 'पोटखराबा' किंवा 'पड'. पण धनगराला विचारा. त्याच्या मेंढरांचं पोट ह्याच माळावर भरतं. आणि ह्याच मेंढ्या सुगी झाल्यावर शेतकरी आपल्या रानात बसवून घेतो, लेंडीखतासाठी. म्हणजे नांगरलेल्या रानाचा कस ह्या 'पडीक' माळावरूनच येतो. चौंडीचे माणकोजी शिंदे गावचे पाटील होते, आणि धनगर होते. त्यांनी लेकीचं नाव ठेवताना ह्यातलं काही मनात आणलं असेल असं मी अजिबात म्हणत नाही. ही आपली माझी रात्री दोनची कल्पना. त्यांनी बहुधा ते घेतलं असेल जिथून सगळ्यांनीच घेतलं तिथून. म्हणजे रामकथेतून, आणि पंचकन्यांच्या स्मरणातून, ज्यात पहिलं नाव अहल्येचंच येतं.

सकाळी उठल्यावर जिचं नाव घेतल्याने पाप जातं म्हणतात, तिचंच नाव मुलीला ठेवायला लोक बिचकतात. गंमत आहे ना?

शिळा कुठे आहे?

आता सासूबाईंचा मुख्य मुद्दा. शिळा.

मी वाल्मीकी रामायणातलं बालकांड काढून बसलो. शिळा शोधली. नाही! गौतम ऋषी तिला शाप देतात तो असा: तू ह्याच आश्रमात हजारो वर्षं राहशील, वारा पिऊन, राखेत पडून, कुणालाही न दिसता. बस. दगड वगैरे काही नाही. पुढे विश्वामित्रांबरोबर राम-लक्ष्मण तिथे येतात, ती दिसू लागते. आणि मग पाय कोण कुणाच्या पायांना लावतं? दोघे भाऊ वाकून तिच्या पायांना हात लावतात. रामाच्या पायाची धूळ लागून दगडाची बाई होते ही आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेली गोष्ट नंतरची आहे. कालिदासाच्या रघुवंशात शिळा येते आणि पुढच्या रामायणांनी ती पक्की केली. कॅलेंडरांवर, सिनेमांत, सगळीकडे तीच.

दुसरी गोष्ट. बालकांडातली अहल्या फसलेली नाही. इंद्र नवऱ्याच्या वेशात आलाय हे तिने ओळखलं होतं, आणि कुतूहलापोटी होकार दिला होता, असं तिथे स्पष्ट आहे. उत्तरकांडात मात्र इंद्र तिच्यावर जबरदस्ती करतो. म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन टोकांना दोन अहल्या आहेत. हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. 'कुतूहलापोटी'पर्यंत आलो आणि लक्षात आलं की आपण आपलीच केस कमकुवत करतोय :)

पण मला त्या मूळ शापाने अस्वस्थ केलं. दगड होणं निदान दिसतं. लोक येता-जाता बघतात, ठेचकाळतात. इथे शिक्षा आहे कुणालाही न दिसण्याची. घरातच असायचं, खायचं-प्यायचं नाही, आणि कुणाच्या लेखी नसायचं. हे वाचताना मला कुणाची तरी आठवण येत होती. ती कुणाची, हे नंतर कळलं. त्यावर येतोच.

वेलांटी

संस्कृतातली अहल्या आपल्या बोलण्यात अहिल्या झाली. हिंदीतही झाली. 'ल्य'मधल्या य ने आधीच्या ह ला आपल्याकडे ओढलं असावं, असा माझा अंदाज. जिभेला ते सोपं जातं. काही शुद्धलेखनवाले अजूनही 'अहल्याबाई' असं लिहितात आणि वेलांटी दिसली की नाक मुरडतात. मला विचाराल तर ही वेलांटी फार कामाची आहे. तिच्यामुळे दोन बाया वेगळ्या झाल्या. 'अहल्या' म्हटलं की आश्रम आठवतो, आणि 'अहिल्या' म्हटलं की महेश्वरचा घाट.

ह्या दुसऱ्या अहिल्येचं चरित्र शाळेत सगळ्यांनी वाचलंय. देवळं, घाट, हातात पिंड. मी फक्त तारखा ओळीने लावून बघितल्या.

जन्म ३१ मे १७२५, चौंडी, सीना नदीकाठी. मल्हारराव होळकरांची सून झाली. २४ मार्च १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेला. अहिल्या सती जायला निघाली, मल्हाररावांनी अडवलं. मे १७६६ मध्ये मल्हारराव गेले. १७६७ च्या एप्रिलमध्ये एकुलता मुलगा मालेराव गेला. तेरा वर्षांत तिन्ही पुरुष संपले. ह्यापुढे त्या काळी बाईची एकच गोष्ट व्हायची. दत्तक घ्या, कारभार कारभाऱ्याच्या हाती द्या, आणि वाड्याच्या आतल्या खोलीत राहा. घरातच, कुणालाही न दिसता.

दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांचा सल्ला दत्तकाचाच होता आणि राघोबादादांना त्यात रस होता. तिने दोघांनाही नकार दिला. राघोबादादा क्षिप्रेपर्यंत आले आणि न लढता परतले. पेशवे माधवरावांनी तिच्या कारभाराला मान्यता दिली. फौजेला तुकोजी होळकर आणि दौलतीला ती. पुढे १३ ऑगस्ट १७९५ ला जाईपर्यंत जवळजवळ २८ वर्षं.

हे आकाशातून पडलं नव्हतं. १७६५ चं मल्हाररावांचं तिला लिहिलेलं पत्र आहे. त्यात सासरा सुनेला सांगतोय की मोठा तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जा. त्यात तोफा आहेत, गोळे आहेत, मुक्काम आहेत. सगळं एखाद्या सरदाराला लिहावं तसं. देव्हाऱ्यातल्या फोटोवरून हे कळत नाही.

काशी विश्वेश्वराचं देऊळ तिने १७८० च्या सुमाराला बांधून पुरं केलं, मग सोमनाथ, गयेचं विष्णुपद, वेरूळचं घृष्णेश्वर. आणखी बारव, धर्मशाळा, घाट किती ते मोजत बसलो नाही. मला त्यातली जमाखर्चाची बाजू आवडली. होळकरांच्या दौलतीत 'खासगी' म्हणून घरातल्या बायकांचं स्वतःचं उत्पन्न असायचं आणि ते दौलतीच्या खजिन्यापासून वेगळं होतं. तिचा दानधर्म ह्या खासगीतून चालला. म्हणजे काशीचं देऊळ एका बाईने स्वतःच्या खात्यातून बांधलं. ज्यांचं सॅलरी अकाउंट नवरा बघतो त्यांनी हे दोनदा वाचावं.

सुखाचं चरित्र नाही हे. शेवटच्या वर्षांत नातू गेला, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेला, आणि लेक मुक्ताबाई सती गेली. जिला सासऱ्याने अडवलं होतं, तिला स्वतःच्या लेकीला अडवता आलं नाही. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम तिच्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी माळव्यात हिंडला, लोकांशी बोलला, आणि १८२३ च्या पुस्तकात तिच्याबद्दल त्याने भरभरून लिहिलं. तोवर नावाचा अर्थ पालटला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'अहिल्या' म्हटलं की ऋषिपत्नी. शतक संपताना माळव्यात 'अहिल्या' म्हटलं की बाईसाहेब, न्याय मागायला जायची जागा.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. त्यांचं नाव कुणावरून ठेवलं? शापित बाईवरूनच ठेवलं. पण आता कुणी ठेवलं तर त्यांच्यावरून ठेवतं. नाव म्हणजे आमच्या भाषेत पॉइंटर. अक्षरं तीच राहतात, ती कुठे बोट दाखवतात ते बदलतं. आणि ते कोशातून बदलता येत नाही, समितीतूनही नाही. ते नाव घेऊन कुणीतरी अख्खं आयुष्य काढावं लागतं.

नगर

नावाच्या पुढे काय झालं ते ताजं आहे. इंदूरचं विद्यापीठ १९८८ पासून देवी अहिल्या विद्यापीठ, सोलापूरचं २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ. ऑक्टोबर २०२४ पासून आमचा जिल्हा अहिल्यानगर. २०२५ हे तिचं तीनशेवं जयंती वर्ष, त्या निमित्ताने ६ मे ला राज्य मंत्रिमंडळाची बैठक चक्क चौंडीत झाली. सीनेकाठच्या त्या गावात एवढ्या लाल दिव्यांच्या, माफ करा, बिनदिव्यांच्या गाड्या कधी आल्या नसतील.

आधीचं नावही माणसाचंच होतं. मलिक अहमदने १४९० मध्ये शहर वसवलं, अहमद म्हणजे अतिशय स्तुत्य. नाव बदलावर मतं दोन्ही बाजूंनी आहेत, आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावरही आहेत, त्यात आज शिरत नाही. पण एक सांगतो. मी नगरच्या माणसाला कधी अहमदनगर म्हणताना ऐकलं नाही आणि आता अहिल्यानगर म्हणतानाही क्वचित ऐकतो. तो म्हणतो, "नगर". एसटीचा कंडक्टर ओरडतो, "नगर नगर नगर". गावाबाहेरच्या डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे, तिला अख्खं नगर 'चांदबिबीचा महाल' म्हणतं. चांदबिबी तिथे कधी राहिली नाही, कबरही तिची नाही. पण १५९५-९६ मध्ये मोगलांशी किल्ला लढवला तो तिने, तर लोकांनी सगळ्यात उंच जागा तिच्या नावावर करून टाकली. फेरफार नाही, सही-शिक्का नाही. लोक नाव असं देतात.

आणि आजी

एवढं होमवर्क झाल्यावर मी शनिवारी सकाळी आजीकडे गेलो. ती पंच्याऐंशी वर्षांची आहे. सध्या पुण्यात आमच्याकडेच असते, आतल्या खोलीत, गॅलरीच्या बाजूला. म्हटलं, हिचं नाव पणतीला ठेवतोय, तिला आनंद होईल.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. आजीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. सासरी ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, आणि अहिल्या संपली. ते नवं नाव मी इथे देत नाही. तिला ते कधी आवडलं नाही, आणि तिच्या मोठ्या जावेशी यमक जुळावं म्हणून ठेवलं होतं, असं तिनेच मला एकदा सांगितलंय. रेशनकार्ड, बँक, मतदार यादी, आधार, सगळीकडे तेच.

२०१९ मध्ये तिच्या माहेरची शेतजमीन भाच्यांच्या नावावर करायची निघाली. तिचे वडील गेले तेव्हा वारसनोंदीत लेक म्हणून तिचं नाव लागलं होतं, आणि भाच्यांना हक्कसोड हवं होतं. बहिणींनी सही करून द्यायची, ही आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. सगळे कागद तयार झाले आणि अडलं. सातबाऱ्यावर अहिल्या, आधारवर दुसरीच बाई. अहिल्या नावाच्या बाईचा एकही पुरावा नव्हता. त्रेसष्ट वर्षं ती कुठल्याच कागदावर दिसली नव्हती. वर मघाशी म्हटलं ना, कुणाची तरी आठवण येत होती? ती ही.

शेवटी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र झालं: अमुक आणि अहिल्या ह्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. स्वतःचा हक्क सोडून देण्यासाठी तिला आधी स्वतः असल्याचं सिद्ध करावं लागलं! सही करायच्या आधी तिने माझ्याकडून एक वही मागून घेतली आणि दोन दिवस 'अहिल्या' गिरवलं. गाडीत परत येताना म्हणाली, "रान राहू दे त्यांना. तसंही माझ्या वाट्याचं पडच होतं." पुढे बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तो कागद मात्र माझ्यापाशी राहील."

तर ह्या आजीला मी शनिवारी विचारलं, "आजी, पोरीचं नाव अहिल्या ठेवूया का?"

मला वाटलं डोळे पुसेल. तिने चष्मा काढला आणि पुसला.

"आणि मी?" म्हणाली.

मला कळेना.

"अरे, माझं नाव अजून मी कुठं वापरलंय? सोळाव्या वर्षी काढून घेतलं माझ्याकडनं. आता कुठं कागदावर आलंय. तू ते तिला देऊन टाकलंस तर परत मी बिननावाचीच. तिला नवं कोरं द्या की. तिला काय, तिचं सगळंच पुढं आहे."

तीन फोडी, दोन कांडं, एक मल्हाररावाचं पत्र, सगळं तयारीत होतं. काहीच उपयोगी पडलं नाही. मी नाव मरून गेलेल्या माणसाचं असल्यासारखं वाटायला निघालो होतो, आणि मालकीण समोर बसली होती.

मग दुसरी अडचण. तिला ह्या नावाने हाक मारणार कोण? तिला नावाने बोलावू शकतील अशी सगळी माणसं गेली. आई-वडील, भाऊ, मोठी बहीण. आता उरलेल्यांसाठी ती आई, आजी, काकू, आत्या. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला नाती उदंड असतात, नाव नसतं. बाबांना म्हटलं तुम्ही बोलवा, ते लाजून पेपरात तोंड घालून बसले.

बायकोने मार्ग काढला. बारशाच्या निमंत्रणपत्रिकेवर खाली 'आपले नम्र' म्हणून घरातल्या मोठ्यांची नावं असतात. तिथे पहिलं नाव आजीचं घालायचं, माहेरचं. व्हॉट्सॲपवरच पाठवायची आहे, पण पत्रिका ती पत्रिका. डिझाइन करणाऱ्या मुलाने रविवारी दुपारी नमुना पाठवला. वर पाळणा, चार फुगे, मोराचं पीस, आणि मुलीच्या नावाची जागा मुद्दाम मोकळी. (नाव ठरलंय. ते आत्या सांगेल.) खाली पहिल्याच ओळीत आजी.

मी फोन आजीला दाखवला. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, हे ती कुठे शिकली कुणास ठाऊक, आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

"वेलांटी राहिली बघ," ती म्हणाली. "'हि' पाहिजे."

त्या मुलाला फोन करून दुरुस्त करून घेतली.